शिनोळीत ग्रां प्री?

मेलबर्नमध्ये माझं घर अल्बर्ट पार्कपासून ट्रामने चार थांब्यांवर आहे. मार्चमधल्या त्या शुक्रवारी दुपारी फॉर्म्युला वन गाड्यांच्या ग्रां प्री शर्यतीचा सराव सुरू झाला की बाल्कनीत आवाज येतो, लांब कुणीतरी पत्रा कापत असल्यासारखा. यंदा तो आला तेव्हा बेळगावचा वर्गमित्र फोनवर होता. तिकडं सकाळचे सात, गडी फिरायला बाहेर पडलेला.

"हे आपल्याकडं का नाही रे होत?" तो म्हणाला. "कोल्हापूर जवळ, गोवा जवळ, सांबऱ्याला विमानतळ हाय की. कर्नाटकानं नाही म्हटलं तर शिनोळीत करू. महाराष्ट्र लगेच जागा देतंय बघ."

शिनोळी म्हणजे वेंगुर्ला रस्त्यानं हद्द ओलांडली की लागणारं चंदगड तालुक्यातलं गाव, तिथं महाराष्ट्राची एमआयडीसी आहे. मी हसलो, पण गडी थट्टा करत नव्हता. एकानं नाकारलं की दुसऱ्याच्या दारात जायचं, हे आम्हा सीमाभागातल्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही.

इथंही हेच झालं. ऑस्ट्रेलियाची ग्रां प्री १९८५ पासून ॲडलेडच्या रस्त्यांवर व्हायची. १२ नोव्हेंबर १९९५ ला तिथं शेवटची शर्यत झाली, तेव्हा एका दिवसात दोन लाखांवर माणूस लोटला होता. पण मेलबर्न ज्यात येतं त्या शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यानं त्याच्या दोन वर्षं आधीच करार करून शर्यत आपल्याकडं ओढली होती. १० मार्च १९९६ ला मेलबर्नमध्ये पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. ऑफिसात ॲडलेडचा एक सहकारी आहे. त्याच्यापुढं हा विषय काढला की अजूनही त्याचं तोंड आंबट होतं. मला त्याचं दुःख कळतं, पण दोन सरकारं एकाच गोष्टीच्या मागं लागली की तिची किंमत वाढते आणि ती भरतो तिथला करदाता, हे त्याला अजून पटलेलं नाही.

मुळात अल्बर्ट पार्क हे शर्यतीसाठी बांधलेलं सर्किट नव्हे, सार्वजनिक बाग आहे. तळ्यात काळे हंस फिरतात आणि एरवी त्याच रस्त्यावरून मी गाडी हळू चालवत मुलीला पोहायला नेतो. शर्यतीच्या कितीतरी आठवडे आधी काँक्रीटचे ठोकळे आणि जाळ्या यायला लागतात, मग बाग निम्मी बंद. सुरुवातीला झाडं तुटली तेव्हा लोकांनी उरलेल्या झाडांना पिवळ्या फिती बांधल्या, शेकडो जणांना अटकही झाली. २०२४ ला चार दिवसांत साडेचार लाखांवर प्रेक्षक आले, तरी राज्य सरकारला दहा कोटी डॉलरहून जास्त पदरचे घालावे लागले. म्हणजे साडेपाचशे कोटी रुपयांच्या आसपास. हा आकडा कुणा पत्रकारानं खणून काढलेला नाही, संयोजक महामंडळाच्या वार्षिक अहवालातच तो छापलेला असतो. शर्यतीपेक्षा मला याचंच कौतुक जास्त.

आपल्याकडं हा प्रयोग होऊन गेलेला आहे. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटर लांब. २०११, १२ आणि १३ अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही जर्मन ड्रायव्हर सेबास्टियन फेटेलनं जिंकल्या. उत्तर प्रदेश सरकारनं तिला खेळ न मानता करमणूक मानलं आणि करमणूक कर लावला. फॉर्म्युला वन कंपनीच्या आयकराचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याचा निकाल २०१७ ला लागला. तोवर शर्यत कधीच निघून गेली होती. जमीन मात्र शेतकऱ्याकडं परत गेली नाही.

हे वाचताना मला बेळगावजवळचं हलगा आठवतं. तिथं २०१२ ला सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटकाचं दुसरं विधानभवन, उभं राहिलं. हिवाळी अधिवेशनाला दहा-बारा दिवस मंत्र्यांच्या गाड्यांची आणि पोलिसांची गर्दी, मग वर्षभर महामार्गावरून जाणाऱ्यांनी लांबून बघायचं. तिथूनच हलगा-मच्छे बायपाससाठी शेतकरी वर्षानुवर्षं भांडले, उभ्या पिकात जेसीबी घुसलेला बघितला. त्या शिवारात भात आणि भाजीपाला पिकतो. सर्किट आणायचं तर शेकडो एकर सलग जागा लागेल. ती कुणाची, हे मित्रानं सांगितलं नाही. आणि कर्नाटकात पाटीवर सक्तीचं असलेलं साठ टक्के कन्नड कुठल्या वळणावर लावायचं, हे मीही विचारलं नाही.

मोटारींचं वेड आम्हाला नाही असं नव्हे. माझे वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात होते. रात्रपाळीहून घरी आले की शर्टाला जळक्या वाळूचा वास असायचा, नखांत काळं. चुकीच्या कोअरमुळं, म्हणजे साच्यातल्या वाळूच्या गाभ्यामुळं, कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) बारीक भोक राहिलं तर ते नुसतं हातानं ठोकून आवाजावरून ओळखायचे. हे कसब ज्या गावात आहे, त्या गावानं प्रेक्षकांचे स्टँड बांधण्यापेक्षा रेसिंगच्या गाड्यांचे भाग ओतायला शिकावं, पोरांसाठी चिमुकल्या रेसिंग गाड्यांचा एखादा छोटा कार्टिंग ट्रॅक करावा. त्याला सरकारी तिजोरी लागणार नाही आणि शेतही जाणार नाही.

आणि शर्यतच बघायची तर चिकोडी-निपाणीकडं बैलगाड्यांच्या शर्यती आहेतच. २०१४ ला न्यायालयानं बंद केल्या, २०१७ ला कर्नाटकानं कायदा बदलला, २०२३ ला घटनापीठानं तो मान्य केला. लहानपणी मामाबरोबर बघायला जायचो. कापणी झालेल्या रानात निशाणं रोवायची, धुरळा उठायचा, संध्याकाळी भेळेचे गाडे निघून जायचे. आठवड्याभरात त्याच रानात नांगर फिरलेला असायचा.

हे सगळं मी मित्राला बोललो. बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "ते ठीक हाय. पण पुढच्या मार्चला तुझ्याकडं आलो तर पहिल्या वळणावरचं तिकीट किती पडतंय, तेवढं सांग."

वेबसाइट उघडून बघितलं. सांगितल्यावर त्यानं फोनच ठेवला.