‘जुगाड’ हा शब्द आणि घरपोच प्रोग्रामर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मुलांनी बनवलेल्या यूएसबीएएसपी प्रोग्रामरवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, ‘एम्बेडेडमधला १८ वर्षांचा अनुभव’ एवढंच लिहिलंय, म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणतो. चार ओळींत उत्तर द्यायचं ठरवलं होतं, पण तुमचं एक वाक्य मनातून जाईना.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या आमच्या गावात रविवारी सकाळी वाचनालयाच्या ओसरीवर सातवी ते दहावीची पोरं-पोरी जमतात. कॉम्प्युटरवर लिहिलेला प्रोग्राम मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे एका चिपमधल्या छोट्या कॉम्प्युटरच्या, पोटात घालायला जे उपकरण लागतं ते म्हणजे प्रोग्रामर. यूएसबीएएसपी हा त्यातलाच एक, यूएसबीला लावायचा. तो ही मुलं अ‍ॅटमेगा८ चिप वापरून स्वतःच्या हातानं बनवतात. ते कसं करायचं आणि त्याला खर्च किती, हे मी लिहिलं होतं.

त्यावर तुम्ही लिहिलंत: “तयार यूएसबीएएसपी २०० रुपयांत घरपोच मिळतो. नुसती चिपच जवळपास तेवढ्याला पडते. खेड्यातल्या मुलांचा वेळ सोल्डरिंगमध्ये घालवण्यापेक्षा तयार बोर्ड हातात द्या आणि कोडिंग शिकवा. हे शिक्षण नाही, जुगाड आहे.” त्याखाली झेनर, फेरिक क्लोराइड, ईएसपी३२, अटल लॅब असे आणखी मुद्दे.

झेनरबद्दल तुमचं बरोबर आहे. यूएसबीच्या दोन डेटा तारांवर ५ व्होल्ट जाऊ नयेत म्हणून ३.६ व्होल्टचे दोन झेनर डायोड लावतात. तिथे ‘कोणताही चालेल’ असं मी लिहिलं, ते चूक. अर्ध्या वॉटचा किंवा त्याहून लहान घ्यावा. एक वॉटच्या झेनरची कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवून धरायची क्षमता, जास्त असते, तिच्यामुळे सिग्नलच्या कडा बोथट होतात आणि मग एक कॉम्प्युटर प्रोग्रामर ओळखतो, दुसरा ओळखत नाही. चूक मान्य. पण ती दाखवताना ‘ज्यांना बेसिकही माहीत नाही त्यांनी मुलांना शिकवू नये’ असं लिहायची काय गरज होती? मी काय शिकवतो ते तुम्ही पाहिलेलं नाही. लेखातली एक ओळ चुकली म्हणून माणसाचा शिकवायचा हक्क काढून घ्यायचा, ही कुठली रीत?

आता जुगाडाचं.

माझं गावात मोटार वाइंडिंग आणि टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जुगाड मी रोज पाहतो. विहिरीवरच्या स्टार्टरमधला फ्यूज गेला की तिथे तांब्याची जाड तार घालतात. पंप चालू होतो. मग कधीतरी रात्री एक फेज जातो, मोटार दोन फेजवर कण्हत राहते आणि वाइंडिंग जळून माझ्या दुकानात येतं. जुगाड म्हणतात ते याला. चालतंय, पण का चालतंय ते लावणाऱ्याला ठाऊक नाही, आणि बंद पडलं की हातात काही नाही.

यूएसबीएएसपी तसा आहे का? थॉमस फिशल यांनी केलेली ही रचना आहे. सर्किट आणि फर्मवेअर (प्रोग्रामरच्या स्वतःच्या चिपमधला प्रोग्राम) दोन्ही खुलं, कुणीही वाचावं, बनवावं. अ‍ॅटमेगा८ मध्ये यूएसबीचं हार्डवेअरच नाही, तरी ती यूएसबीवर बोलते. चिपच्या घड्याळाला ठोके देणारा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे आणि लो-स्पीड यूएसबीवर सेकंदाला १५ लाख बिट येतात, म्हणजे एका बिटसाठी घड्याळाचे फक्त ८ ठोके. त्या ८ ठोक्यांत बिट वाचायचा, साठवायचा आणि पुढच्यासाठी तयार राहायचं, हे सगळं सॉफ्टवेअर करतं. हा भागाकार आमच्या नववीतल्या मुलीनं फळ्यावर केला आणि नंतर स्वतःच विचारलं, “सर, मंग येका ठोक्यात चिप कितीक काम करते?” हा प्रश्न तयार बोर्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून निघत नाही. तुमच्या १८ वर्षांत तुम्हाला तो कधी पडला होता का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

तुम्ही अनुभवाची वर्षं सांगितलीत, तर मीही माझं सांगतो. २००६ साली एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला लागलो. बाबा जिनिंगमध्ये कामाला, फी मामानं भरली. ८०५१ या मायक्रोकंट्रोलरचा विषय होता, जर्नलमध्ये बारा प्रात्यक्षिकं होती. साठ मुलांत एक प्रोग्रामर. तो लोखंडी कपाटात असायचा आणि किल्ली मदतनिसाकडे. परीक्षेच्या वेळी बाहेरून परीक्षक आले की तो टेबलावर यायचा. एकदा मी हात पुढे केला तर ऐकावं लागलं, “हात नोको लावू. बिघडलं तं तुहा बाप भरून देईन काय?” जर्नल मी वरच्या वर्गातल्या मुलाचं पाहून उतरवलं, आउटपुटसकट. सही झाली, मार्कं मिळाली. डिप्लोमा झालेल्या मला एक एलईडी लुकलुकवता येत नव्हता.

तो एलईडी लागला २००९ च्या डिसेंबरात, मित्राच्या घरी. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरला प्रिंटर पोर्ट होता. पंचवीस पिनांचं कनेक्टर, चार रेझिस्टर आणि एका जुन्या केबलच्या तारा घेऊन मी पोर्टवरूनच चिप प्रोग्राम करायची वायर बनवली. भारनियमन सुरू व्हायला वीस मिनिटं उरली होती. दोनदा तारा उलट लागल्या. तिसऱ्या वेळी चिपनं आपली ओळख सांगितली, १ई ९३ ०७, ही अ‍ॅटमेगा८ ची सही. हे तीन आकडे मला आजही देवाच्या नावासारखे पाठ आहेत. लाइट जायच्या आत एलईडी लुकलुकला. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की कपाटातल्या त्या डबीत असं काही नव्हतं जे मला बनवता आलं नसतं. हे कळायला तीन वर्षं आणि मामाचे पैसे गेले. माझ्या ओसरीवरच्या मुलांना ते तीन रविवारांत कळतं. आणि तुम्ही म्हणता, हे शिक्षण नाही.

घरपोच म्हणालात, तर तेही ऐका. मी तयार प्रोग्रामर वापरलेच नाहीत असं नाही. दोन वर्षांपूर्वी तीन मागवले. ‘घरपोच’ म्हणजे पार्सल आर्वीला येऊन पडतं, फोन येतो, आणि एसटीनं जाऊन आणावं लागतं. आणले. जुन्या चिपांवर तिन्ही नीट चालले, खोटं बोलणार नाही. मग कोऱ्या अ‍ॅटमेगा८ लावल्या. “सर, हे तं बोलूनच नाई राह्यलं.” तिन्हींवर तेच, टार्गेट (ज्या चिपमध्ये प्रोग्राम घालायचा ती) उत्तर देत नाही.

कारण तुम्हाला माहीत असणार, तरी बाकीच्यांसाठी लिहितो. कारखान्यातून कोरी चिप येते तेव्हा ती आतल्या १ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालते. प्रोग्रामर चिपला ज्या तारेवरून ठोके देतो त्या एससीके तारेचा वेग त्या घड्याळाच्या चौथ्या हिश्शाहून कमी हवा, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या आत. यूएसबीएएसपी नेहमी ३७५ किलोहर्ट्झनं बोलतो. एवढ्यासाठीच मूळ सर्किटमध्ये जेपी३ नावाचा जम्पर, म्हणजे हवं तेव्हा जोडायच्या दोन पिना, आहे. तो जोडला की वेग सुमारे ८ किलोहर्ट्झवर येतो आणि चिप बोलू लागते. आमच्या तयार बोर्डांवर त्या जागी नुसती दोन भोकं होती, पिनाच लावलेल्या नव्हत्या. आत फर्मवेअरही जुनं, त्यामुळे कॉम्प्युटरवरून वेग कमी करायला गेलं की एव्हीआरड्यूड (चिपमध्ये प्रोग्राम पाठवणारं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) इशारा द्यायचा, वेग बदलता येत नाही, फर्मवेअर तपासा.

ज्यानं फक्त तयार बोर्ड पाहिलाय तो इथे काय करेल? चिप मेली म्हणून टाकून देईल, नाहीतर बोर्ड खराब म्हणून दुसरा मागवेल. आमच्या दहावीतल्या पोरानं बोर्ड उलटा केला, दोन भोकं पाहिली आणि म्हणाला, “जेपी३ हाय न हे.” त्यानं सोल्डरनं ती जोडली. चिप बोलली. त्याच दुपारी मुलांनी तयार बोर्डांचा जेपी२, म्हणजे फर्मवेअर बदलायचा जम्पर, जोडला, आमचा घरचा प्रोग्रामर त्यांना लावला आणि तिन्हींमध्ये नवीन फर्मवेअर घातलं. यूएसबीएएसपीचं फर्मवेअर बदलायला दुसरा प्रोग्रामर लागतो. तो दुसरा प्रोग्रामर आमच्याकडे होता, कारण आम्ही तुमच्या भाषेतला जुगाड केला होता.

पहिला प्रोग्रामर बनवायलाच प्रोग्रामर लागतो, कोऱ्या चिपमध्ये फर्मवेअर घालायचं कशानं? माझ्या त्या प्रिंटर पोर्टच्या वायरनं पहिला बनला. त्यानं दुसरा बनवला, दुसऱ्यानं तिसरा. आज गावात १४ आहेत, त्यातले ९ मुलांच्या घरी. हे एका मुलीच्या आईला समजावून सांगत होतो तर ती म्हणाली, “म्हन्जे हे इरजनावानी झालं. येक डाव लागलं का मंग सरत नाई.” मी लेखात दोन पानं खर्चून जे सांगितलं ते त्या माउलीनं दोन वाक्यांत सांगितलं.

‘खेड्यातल्या मुलांचा वेळ’ याबद्दल तुम्हाला फार काळजी वाटते. मला हे वाक्य सगळ्यात जास्त लागलं. या मुलांचा वेळ कुठे जातो ते तुम्हाला माहीत आहे का? दसऱ्यापासून कापूस फुटतो, तेव्हा सातवी-आठवीच्या पोरी रविवारी आईबरोबर वेचायला जातात. त्या दोन-अडीच महिन्यांत मी वर्ग बंद ठेवतो, कारण जी येऊ शकत नाही ती मागे पडेल. शेतातली लाइट रात्रीची असली की पोरगं बापाबरोबर पाणी द्यायला जातं आणि सकाळी झोप न झालेल्या डोळ्यांनी येतं. येतंच. त्याला कुणी ओढून आणत नाही. त्याचा वेळ कशात घालवावा हे त्यानं ठरवलंय. त्याच्या वतीनं तुम्ही ठरवू नका, एवढीच विनंती.

आणि हातानं काम करण्यात शिक्षण नाही, हे तुम्ही वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला सांगता? १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीमची मांडणी झाली. हाताच्या उद्योगातून गणित, विज्ञान, भाषा शिकायची, हा तिचा पाया. तेव्हा टकळी होती, आमच्याकडे सोल्डरिंग आयर्न आहे. ज्याला ते मान्य नसेल त्यानं मतभेद जरूर मांडावा, पण विचार करून मांडावा, एका शब्दात थुंकून जाऊ नये. जरा कडक लिहिलंय, पण खोडत नाही.

राहिलेलं पटकन. ईएसपी३२ हा नवा मायक्रोकंट्रोलर चांगला आहे, वायफाय आहे, जे शिकवतात त्यांनी शिकवावा. त्यानं अ‍ॅटमेगा८ टाकाऊ होत नाही. अठ्ठावीस पायांची चिप ब्रेडबोर्डवर बसते, मुलाला प्रत्येक पाय मोजता येतो, आणि जळाली तर एकच चिप जळते. फेरिक क्लोराइड, म्हणजे सर्किट बोर्डावरचं नको असलेलं तांबं काढायचं रसायन, मी स्वतः हाताळतो, हातमोजे घालून, उघड्यावर. मुलं त्याला हात लावत नाहीत. तो विषय तिथेच संपला. शाळेत प्रयोगशाळा उभारायची सरकारची अटल टिंकरिंग लॅबची योजना उत्तम आहे, सहावी ते बारावीसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. आमच्या गावात ती नाही, म्हणून ओसरी आहे. खर्चाच्या हिशेबात मी जुन्या बोर्डांवरून काढलेल्या चिपा धरल्या होत्या. तुम्ही नवी चिप धरलीत, म्हणून तुमचा आकडा जास्त आला. त्यावर आणखी काय बोलायचं?

मूळ लेखात झेनरची ओळ बदलली आहे आणि ती वाचकाच्या सूचनेवरून बदलली असं तिथे लिहिलंय. जेपी३ चा परिच्छेद नव्यानं घातला आहे, कारण तयार बोर्ड वापरणाऱ्यांना तो उपयोगी पडेल. तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे. बाकी लेखातलं अक्षर बदललेलं नाही. या रविवारी पंधराव्या प्रोग्रामरचे जोड लागायचे आहेत, झेनर अर्ध्या वॉटचे आणले आहेत.