उंदीर चालला म्हणून काकांचं ऑपरेशन टळत नाही

आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय, 'मज्जारज्जूला इजा झालेला उंदीर इंजेक्शनने चालायला लागला, सिद्ध झालंय, कणा सगळ्यांचा सारखाच, आता मणक्याच्या ऑपरेशनची गरज नाही, डॉक्टर हे दाबून ठेवतात.' ओळखीच्या एका काकांनी तो वाचून ऑपरेशनची तारीखच पुढे ढकलली, म्हणून लिहितोय.

'चालायला लागला' म्हणजे काय? अर्धवट इजा झालेले बरेच उंदीर काही आठवड्यांत औषधाशिवायही थोडंफार चालतात. म्हणून शेजारी बिनऔषधाचा गट लागतो, आणि कुठला उंदीर कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकूनच ठरवायचं, नाहीतर तरतरीत उंदीर नेमके औषधाच्या पिंजऱ्यात जातात. त्यात चालण्याला मार्क मिळतात बीबीबी स्केलवर, 0 ते 21, आणि ते माणूस डोळ्यांनी बघून देतो, पंजा टेकला का, वजन पेललं का, पुढचे-मागचे पाय जुळतायत का. कुणाला औषध दिलंय हे त्याला माहीत असेल तर हात सैल सुटणारच, मुद्दाम नाही हो, नकळत. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाहीये.

'सिद्ध झालं', बरं. मज्जारज्जूच्या इजेवर मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे मोठे डोस मांजरांवरच्या प्रयोगांत चांगले वाटले, 1990 मध्ये माणसांवरच्या चाचणीचा निकाल आला आणि जगभर ते धडाधड द्यायला लागले. 2013 मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या गाइडलाइनने सांगितलं, देऊ नका, फायद्याचा पुरावा कच्चा आणि साइड इफेक्ट मात्र खरे.

कणाही सारखा नाही. उंदीर, ससा यांच्या मणक्याच्या गादीत नोटोकॉर्डच्या (गर्भात कण्याच्या जागी आधी तयार होणाऱ्या दांडीच्या) पेशी मोठेपणीही टिकतात, माणसात त्या लहानपणीच जवळजवळ संपतात. आणि काकांची तर गादी सरकलीय, उंदराची इजा मज्जारज्जूची, म्हणजे आजारच वेगळा!

राहिलं दाबून ठेवणं. दाबलं जातं ते उलटंच, फसलेले प्रयोग बरेचदा छापलेच जात नाहीत, गाजतो तो चाललेला उंदीर. आणि जे छापलं जातं त्यातही प्रयोग कसा केला ते नीट लिहिलेलं नसतं, त्यासाठी 2010 मध्ये ब्रिटनमधून अराइव्ह गाइडलाइन आली, म्हणजे प्राण्यांवरचे प्रयोग पेपरात कसे मांडायचे याचे नियम, 2020 मध्ये सुधारली, त्यात 10 गोष्टी अत्यावश्यक म्हणून वेगळ्या काढल्या, प्राणी किती घेतले आणि तेवढेच का, कुठले वगळले, गट कसे पाडले, बघणाऱ्याला गट माहीत होता का, असं सगळं पेपरात लिहायचं.

ग्रुपवर कुणी म्हणालं, मग प्राण्यांवरचे प्रयोग बंदच करा. पण वरच्या गोष्टी न पाळता केलेल्या प्रयोगातून काहीच कळत नाही आणि प्राणी मात्र फुकट मरतात, माझा राग त्यावर आहे. काका, तुम्ही तारीख पुन्हा घ्या, शंका असेल तर दुसऱ्या सर्जनला एमआरआय दाखवा.