वैष्णोदेवीचं नाणं आणि ते १० लाख

तो मेसेज परत फिरायला लागलाय. 'वैष्णोदेवीचं ५ किंवा १० रुपयांचं नाणं असेल तर १० लाख मिळतील, नाण्यावर हिऱ्याची खूण बघा, घासून चकचकीत करा, फोटो पाठवा, थोडी रजिस्ट्रेशन फी भरा, रिझर्व्ह बँक विकत घेते.' अर्धी सोसायटी चिल्लर शोधत बसलीये, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

१० लाख. अहो, २०१२ साल असलेलं हे नाणं श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाचं, रीतसर चलनात आलेलं, पुण्यातल्या पीएमपी बसच्या कंडक्टरने सुट्टे म्हणून हातावर ठेवलं तरी नवल नाही. ऑनलाइन कुणी १० लाख किंमत टाकली म्हणजे कुणी तेवढ्याला घेतलं असं होत नाही ना! रविवारी किंवा बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जा आणि आधी विचारा 'हे कितीला देणार', मग तेच नाणं खिशातून काढून 'कितीला घेणार'. दुसरं उत्तर खरं.

हिऱ्याची खूण. ती मुंबई टांकसाळीची, बास. हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नसते, त्यामुळे 'खूण नाही म्हणजे मिस्टेकचं नाणं, अजून महाग' हे पण गेलं.

रिझर्व्ह बँक. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनेच जाहीर केलंय की आम्ही जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात नाही आणि कसली फी किंवा कमिशन मागत नाही. फी मागितली की नंबर ब्लॉक करा, विषय संपला.

बरं, सगळीच स्मारक नाणी (कुणाच्या किंवा कशाच्या तरी स्मरणार्थ काढलेली) चिल्लर असतात असं नाही हां. २०२३ चं नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं, त्यात निम्मी चांदी, ते चलनात येतच नाही, टांकसाळ पॅकिंगमध्ये विकते आणि ७५ पेक्षा कितीतरी जास्त घेते. पण ते तुमच्या चिल्लरच्या डब्यात सापडणार नाही.

आता सगळ्यात घातक सल्ला, घासा. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काहीही नको. टांकसाळीतून आलेल्या नाण्याला एक मूळची चमक असते, नाणं हातात फिरवलं की ती पण फिरते, घासलं की ती कायमची जाते आणि उरतात बारीक ओरखडे, ते जाणकाराला पहिल्या नजरेत दिसतात. कडेला धरा, पृष्ठभागाला बोट लावू नका आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्याने हिरवट चिकट थर चढतो.

फोटोचं पण तेच. फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग येतो नाहीतर सगळं सपाट दिसतं. आपल्या टिळकांचं ५ रुपयांचं किंवा १९९९ चं शिवाजी महाराजांचं २ रुपयांचं अकरा कोनी नाणं घ्या, करड्या कागदावर ठेवा, टेबल लँप एका बाजूला खाली आणि त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर, म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडून उठाव दिसतो. मोबाइल बरोबर वर आडवा, पण नाण्याला चिकटवू नका, त्याचीच सावली पडते, थोडं लांबून दुप्पट झूम करा. दोन्ही बाजू घ्या आणि साल व खुणेचा वेगळा क्लोजअप काढा. फिल्टर नको. मेसेजमधलं ते सोन्यासारखं झळकणारं नाणं फिल्टरचीच करामत वाटते.