बदललंय काय, ते तरी सांगा!

रिकॉलचं, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी कंपनीनं गाडी परत बोलावल्याचं, पत्र आलं की गाडी मुकाट्यानं सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायची. पत्रात लिहिलेलं असतं एका पार्टबद्दल. परत मिळते तेव्हा जॉब कार्डवर खाली एक ओळ वाढलेली असते, 'ईसीयू सॉफ्टवेअर अपडेट केले', म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं. बस्स. का केलं, कशात केलं, विचारलं तर ठरलेलं उत्तर : "वरूनच आलंय सर, सगळ्यांनाच करतो."

आणि गाडी? पेडल दाबलं तरी क्षणभर ढिम्म, मग एकदम झेप. दुसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमला आरामात ओढायची, आता घरघरते. तक्रार केली की "तुम्हाला तसं वाटतंय". अहो, रोज मी चालवतो ती! इंजेक्शनचं टायमिंग, टर्बोचा बूस्ट, ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) किती उघडायचा, सगळं त्या सॉफ्टवेअरमधूनच ठरतं. त्याची आवृत्ती सांगणारा कॅलिब्रेशन आयडी ओबीडी स्कॅनर (गाडीला जोडायचं तपासणीचं यंत्र) लावला की दिसतो. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही जॉब कार्डवर लिहायला यांचं काय जातं?

सॉफ्टवेअरमध्ये काय काय दडवता येतं ते २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल प्रकरणात जगानं पाहिलं. चाचणीत सगळं नियमात, रस्त्यावर धुरातलं प्रदूषक नायट्रोजन ऑक्साइड अमेरिकेतल्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत! त्यानंतरही आम्ही डोळे झाकून सही करायची?

सुरक्षेसाठी बदल असेल तर जरूर करा, माझी ना नाही. पण मायलेजवर, पिकअपवर काय परिणाम होणार ते सही घेण्याआधी लेखी द्या. तोंडी नको, लेखी.