बेशिस्तीचा अर्ज भरण्यापूर्वी

उशिरा यायचं, वरच्यांना उलट बोलायचं, मनात येईल तेव्हा गायब व्हायचं आणि तरी पगार एक तारखेला हवा, असं मनात असेल तर बास्केटबॉलपटू डेनिस रॉडमनचा आदर्श ठेवा. लाजू नका. एवढे सगळे उद्योग करून या गृहस्थाने एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, पाच अजिंक्यपदं पटकावली आणि २०११ साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोरामोठ्यांच्या मानाच्या यादीत, जाऊन बसला.

सुरुवात केसांपासून करा. सॅन अँटोनियोच्या संघात असताना त्याने ते रंगवायला घेतले आणि मग कुठलाच रंग सोडला नाही. खर्च कमी, बोलबाला दांडगा. १९९६ साली आत्मचरित्राच्या प्रसिद्धीसाठी तो न्यूयॉर्कमध्ये चक्क वधूवेषात अवतरला. लग्न म्हणे स्वतःशीच. (मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत. कल्पना वाईट नव्हती.) त्याच वर्षी पंचाला डोक्याने ढुशी दिली, सहा सामने बंदी. पुढच्या जानेवारीत कोर्टच्या कडेला बसलेल्या कॅमेरामनला लाथ घातली, ११ सामने बंदी, वर तडजोडीचे दोन लाख डॉलर. दर लक्षात ठेवा. शिल्लक कमी असेल तर लाथ पुढच्या आर्थिक वर्षावर ढकला.

मध्ये एक किरकोळ काम आहे, ते तेवढं उरकून घ्या. दुसऱ्याचा नेम चुकला की कड्यावरून उडालेला चेंडू पकडायचा, म्हणजे रिबाउंड. टाळ्या बास्केट करणाऱ्याला मिळतात, त्यामुळे या कामासाठी रांग नसते. रॉडमन सहा फूट सात इंच, त्याला भिडायचं सात फुटी धिप्पाडांशी. म्हणून सराव चालू असताना हा बाजूला उभा राहून कोणाच्या हातून सुटलेला चेंडू हवेत किती गिरक्या घेतो ते मोजायचा. रात्री मित्रांना जिममध्ये न्यायचा: इकडून मार, आता तिकडून मार. कड्याच्या पुढच्या अंगाला लागला तर कुठे जातो, मागच्या अंगाला लागला तर कुठे, हे बघत बसायचा. शाळा सुटल्यावर डॅलसच्या विमानतळावर रात्री झाडू मारणारा हा पोरगा १९९१-९२च्या मोसमात सामन्याला सरासरी १८.७ रिबाउंड घेत होता. त्या मोसमापासून सलग सात वर्षं या यादीत पहिलं नाव त्याचंच. स्वतःचे गुण? कारकिर्दीची सरासरी ७.३. तर हे एवढं झालं, की लगेच रजा टाका.

रजा कशी टाकायची, तेही शिकून घ्या. १९९८च्या भर मोसमात त्याने तेव्हाच्या आपल्या शिकागो संघाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांच्याकडे लास व्हेगाससाठी ४८ तास मागितले. मिळाले. ४८ तास संपले, हा काही परतेना. शेवटी त्याला उठवून आणायला संघातला सहकारी मायकेल जॉर्डन स्वतः दारात गेला, असं सांगतात. तुमच्याकडे फार तर एचआरची ईमेल येईल.

त्याच वर्षी अंतिम मालिका ऐन रंगात असताना सरावाला दांडी मारून हा पैलवान हल्क होगनबरोबर टीव्हीवरच्या कुस्तीच्या कार्यक्रमात हजर! पुढच्या सामन्यात १४ रिबाउंड घेतले आणि शेवटच्या मिनिटांत चार फ्री थ्रो (समोरच्याने फाउल केल्यावर मिळणारे मोकळे नेम) लागोपाठ आत घातले. फ्री थ्रोच्या बाबतीत त्याची ख्याती एरवी केविलवाणी होती. शिकागो जिंकलं आणि दांडी खपून गेली. आता तुम्ही मार्चएंडला अशी दांडी मारून बघा.

एक बारीक अक्षरातली अटही वाचा. २००० साली तो डॅलसच्या संघात आला, म्हणजे ज्या शहरात वाढला तिथेच. १२ सामने खेळला, सरासरी १४.३ रिबाउंड. हात तेच, गिरक्यांचा हिशेब तोच, नखरेही तेच. मार्चमध्ये संघाने नारळ दिला. तेव्हा शेजारच्या टेबलावर जॉर्डन आणि शिकागोचाच दुसरा तारा पिपेन बसतात का, हे रुजू होण्यापूर्वीच विचारून घ्या.