संक्रांत, पानिपत आणि शीरपीरा

संक्रांतीला फॅमिली ग्रुपवर मी शीरपीऱ्याचा, म्हणजे अफगाणी दुधाच्या वड्यांचा, फोटो टाकला. वर्किंग डे होता, तिळगूळ करायला वेळच मिळाला नाही, मग ऑफिसातून येताना इथे कॅलिफोर्नियात फ्रीमाँट बुलेव्हार्डवरच्या आमच्या अफगाणी बेकरीत थांबलो आणि तीच मिठाई देवापुढे ठेवली. पाच मिनिटांत काकांचा मेसेज: "14 जानेवारीलाच अफगाणांची मिठाई? पानिपत विसरलास?" खाली तीन चुलतभावांचे अंगठे.

नाही विसरलो काका. पण 1761 मध्ये आपला तोफखाना इब्राहिमखान गारदी सांभाळत होता आणि अब्दालीला बोलावणारा नजीबखान दिल्लीच्याच दरबारातला होता, हे पण ग्रुपवर लिहा ना कधीतरी.

आणि ही मिठाई परकी कशी? शीर म्हणजे दूध, आपल्या शीरखुर्म्यातलं. बर्फीतला बर्फही फारसीच. गोश-ए-फील म्हणजे हत्तीचा कान, पातळ लाटून एका बाजूला चिमटा काढून तळायचं आणि वर पिठीसाखर, पिस्ते. फील तोच जो आपल्या पीलखान्यात होता. माझी मुलगी त्याला चिरोटेच म्हणते.

बेकरी छोटीशीच, बेकरीवाली खाला (म्हणजे मावशी) एकटी सगळं करते. रशियन फौजा आल्यावर काबूल सोडलेल्यांपैकी तिचं घर. साखरेचा पाक उकळता असतानाच दुधाच्या पावडरीवर ओतते, वेलची, गुलाबपाणी, अक्रोड, आणि हात असा भराभर चालतो, कारण जरा थांबलं की पातेल्यातच आळतं. मग थाळीत ओतून वाटीच्या बुडाला तूप लावून थापते. अगदी माझी आजी वड्या थापायची तसं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला बोलताच आलं नव्हतं.

तिच्या रांगेत पंजाबी असतात, मेक्सिकन असतात, आम्ही असतो, कोणी कोणाला तुझे पूर्वज कुठे लढले विचारत नाही. पुण्यात आता दुकानाच्या पाटीवरून माणूस ओळखायला लागलेत लोक, आणि आम्हालाच सांगतात की तुम्ही बाहेर जाऊन संस्कार विसरलात!

पण काकांचं बोलणं लागलं ते पानिपतामुळे नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हातात गेलं तेव्हा खाला आठवडाभर गल्ल्यावर फोन धरून बसलेली, बहिणीचा फोन लागत नव्हता. मी समोर उभा होतो आणि मनात एकच, की हिला जायचंय आणि जाता येत नाही, मला तिकीट काढलं की झालं आणि मी आजी गेली तेव्हासुद्धा गेलो नाही. ऑफिसात प्रोजेक्टचं रिलीज होतं म्हणे. हे मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही, आज इथे लिहितोय.

परवा खालाने विचारलं, तुमच्यात संक्रांतीला खरं काय खातात? तिळगूळ सांगितला, कसा करतात तेही सांगितलं. म्हणाली, बच्चेम, शनिवारी दुकान बंद झाल्यावर ये, तीळ मी भाजून ठेवते, गूळ तू आण.