सोडणावरचा पाय

शिकागोचा पुतण्या आंबे खायला गुहागरला आला होता. मी मऊ भातावर तूप वाढून घेत असताना तो मोबाइलमध्ये पाहून ओरडला, "काका, अन्याय!" दिवाणी न्यायालयात ज्याने बत्तीस वर्षे कारकुनी केली, त्याच्यासमोर हा शब्द जपून वापरावा. मी तत्काळ कैफियत मागितली.

२४ मे २०२४ ची ती सकाळ. शिकागोत अजून २३ तारखेची रात्र होती. बेसबॉलचा सामना. शिकागोचा संघ व्हाइट सॉक्स बाल्टिमोरच्या ओरिओल्सविरुद्ध ८-६ असा मागे, शेवटचा नववा डाव, एक बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावपटूंच्या ठाण्यांवर, एकेक धावपटू. चेंडू उंच उडाला, पंचांनी 'इनफील्ड फ्लाय' पुकारला, फलंदाज बाद झाला. आणि दुसऱ्या बेसकडे परतणारा धावपटू क्षेत्ररक्षकाच्या वाटेत आला म्हणून तोही, म्हणजे तिसरा, बाद ठरून सामनाच आटोपला.

"पण झेलाआधीच फलंदाज बाद कसा?" या माझ्या प्रश्नाचे उत्तर जेवणाची पाने मांडेपर्यंत चालले. दोन गडी बाद होण्याआधी पहिला आणि दुसरा किंवा तिन्ही बेस भरलेले असताना, आतल्या क्षेत्ररक्षकाला सहज झेलता येण्याजोगा चेंडू उडाला, तर तो झेलला जावो वा सुटो, फलंदाज बादच. कारण एरवी क्षेत्ररक्षक मुद्दाम झेल सोडील आणि झेलाच्या धास्तीने बेसपाशीच थांबलेल्या धावपटूंना पळायला लावून एकाऐवजी दोन बळी घेईल. हे कलम लिहिणाऱ्याला निश्चितच चुलतभाऊ असावेत. अडथळ्याचे कलम त्याहून रसाळ. वाटेत आलेल्या धावपटूचा हेतू विचारत नाहीत. मात्र त्याचा पाय बेसवर असेल, तर हेतू सिद्ध झाल्याखेरीज तो बाद नाही. बांधावर उभ्या असलेल्या माणसाचा हा हक्क मला फोड करून सांगावा लागला नाही.

संध्याकाळी पुळणीवर बेस म्हणून नारळाची सोडणे मांडून खेळ सुरू झाला आणि पंचपद ओघानेच माझ्याकडे आले. शेजारचे आप्पा दुसऱ्या सोडणावर होते. चेंडू उडाला, मी 'इनफील्ड फ्लाय' असे खणखणीत पुकारले, आणि वर पाहत धावलेली माझी नात आप्पांच्या पोटावर आदळली.

"माझा पाय सोडणावर होता," आप्पा म्हणाले.

"आजोबा, यांनी सोडणच पायाने सरकवलं!" नात म्हणाली.

आमच्या फणसाजवळचा हद्दीचा दगड गेली अकरा वर्षे असाच चालतो आहे, त्यामुळे या प्रकरणात मी निःपक्षपाती राहू शकलो नाही, हे मान्य करतो. तरीही रीतीप्रमाणे निकाल राखून ठेवला आणि स्थळपाहणीसाठी दुसऱ्या दिवशी सकाळची तारीख दिली.

सकाळी पट्टी घेऊन गेलो, तेव्हा भरतीने सगळी सोडणे नेली होती, आणि आप्पा माझ्याआधीच तिथे येऊन उभे होते.